औषधाची किंमत आणि आपले प्रिस्क्रिप्शन

सिल्वासा, दादरा, वापी, दमण हा पट्टा औषधनिर्मितीसाठी देशभर ओळखला जातो. करसवलतींच्या काळात येथे आलेल्या कारखान्यांच्या गोळ्या दूरदूरच्या दुकानांत पोहोचतात व त्यांच्या स्ट्रिपवर आपल्या गावाचे नाव छापलेले असते. मात्र खानवेलच्या पलीकडील पाड्यावरून एस.टी. किंवा जीपने येणाऱ्या वारली वा कोकणा रुग्णाला तीच स्ट्रिप महिनाभर घेणे अनेकदा परवडत नाही. या विसंगतीचा विचार स्मरणिकेच्या वाचकांसमोर, विशेषतः व्यवसायबंधूंसमोर, मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

औषध परवडत नाही असे रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो. "औषध चालू आहे ना?" या प्रश्नाला "हो साहेब" हेच उत्तर मिळते, कारण नाही म्हणण्यात त्याला कमीपणा वाटतो. म्हणून मी प्रश्न बदलला आहे. "गेल्या महिन्यात किती दिवस गोळी घेतली?" असे विचारतो व उरलेली स्ट्रिप दाखवावयास सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटी कामगाराच्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या होत्या. त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया होता व इमॅटिनिब चालू होते. चौकशीत कळले की, काम सुटल्यापासून तो चारशे मिलिग्रॅमऐवजी दोनशेच घेत होता. या आजारात दहा टक्क्यांहून अधिक मात्रा चुकल्या तरी आण्विक प्रतिसाद लक्षणीयरीत्या घटतो. तो तर निम्म्या मात्रेवर होता. त्याच्यासाठी तेच औषध दुसऱ्या उत्पादकाचे, बऱ्याच कमी किमतीत मिळू शकत होते. ते त्याला कोणी सांगितले नव्हते एवढेच.

इमॅटिनिबचा इतिहास प्रत्येक भारतीय डॉक्टरने जाणून घ्यावा असा आहे. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाचे मूळ ब्रँड, ग्लिव्हेक, भारतात महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळत होते. २००३ मध्ये नोव्हार्टिसला अनन्य विपणन हक्क मिळाले, तेव्हा हा स्वस्त पुरवठाच धोक्यात आला. पुढे चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये पेटंटचा अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. आधार होता २००५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३(ड) चा. जुन्याच द्रव्याचे नवे रूप उपचारातील परिणामकारकता वाढवीत नसेल तर त्यास पेटंट नाही, असे हे कलम सांगते. त्याआधी, मार्च २०१२ मध्ये, सोराफेनिबसाठी नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना मिळाला होता. मूळ ब्रँडचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता व नॅटकोला ठरवून दिलेली किंमत ८,८८० रुपये होती. एकाच रेणूच्या किमतीतील हे अंतर पाहिले म्हणजे किंमत केवळ उत्पादनखर्चावर ठरत नाही हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या शेजारच्या बडोद्यात १९८३ साली सुरू झालेली 'लोकॉस्ट' ही संस्था हेच दाखवीत आली आहे. तिने व ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कने २००३ मध्ये औषधकिमतींविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. या चळवळीत पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे मराठी डॉक्टर दीर्घकाळ आहेत. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने तर अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून चाळीस औषधांची सामूहिक खरेदी केली आणि भाव फार खाली आणले.

आता आपल्या प्रिस्क्रिप्शनकडे वळतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत जेनेरिक नावे लिहिण्याची अपेक्षा होती. २०१६ च्या दुरुस्तीने ती सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे आले. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने अधिक कडक नियम आणले व त्याच महिन्यात ते स्थगित केले. त्यावरचा वाद आपण सर्वांनी ऐकलाच आहे. मला सक्ती मान्य नाही, पण सक्ती नाही म्हणून सवयही नको, हेही पटत नाही. डॉक्टरने एखादे ब्रँड लिहिले तर औषधविक्रेत्यास स्वतःहून दुसरे देण्याची कायद्याने मुभा नाही. म्हणजे रुग्णाचा मार्ग आपल्याच लेखणीने बंद होतो. रेणूचे नाव लिहिले की जनऔषधी केंद्राचे दार त्याला उघडते. २००८ साली अमृतसरला सुरू झालेल्या या योजनेची केंद्रे आज देशभर आहेत.

गुणवत्तेची शंका रास्त आहे व ती झटकून टाकू नये. २०१७ पासून, कमी विरघळणाऱ्या अनेक औषधांना परवान्यापूर्वी जैवसमतुल्यतेची चाचणी बंधनकारक झाली. तरीही फेनिटॉइन, थायरॉक्सिन, वॉर्फरिन, टॅक्रोलिमस यांत उत्पादक वारंवार बदलू नये. बदललाच तर रक्तचाचणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे, जेनेरिक म्हणून दुकानात मिळणाऱ्या काही मालावर छापील किंमत ब्रँडच्या जवळपास असते व विक्रेत्याची खरेदी अत्यंत स्वस्त. तेथे रुग्णाने सवलत मागावी लागते. हे त्याला आपणच सांगितले पाहिजे.

पेटंट संपण्याच्या तारखांवर लक्ष ठेवणेही आता आपल्या अभ्यासाचा भाग झाले आहे. व्हिल्डाग्लिप्टिन (२०१९), डापाग्लिफ्लोझिन (२०२०), सिटाग्लिप्टिन (२०२२) आणि एम्पाग्लिफ्लोझिन (२०२५) यांच्या किमती पेटंट संपताच काही पटींनी उतरल्या. गोळीमागे साठ रुपयांच्या आसपास असलेले एम्पाग्लिफ्लोझिन दहा रुपयांच्याही खाली आले. जुन्याच दराचे ब्रँड वर्षानुवर्षे चालू असलेला मधुमेही रुग्ण आपल्या सर्वांच्या दवाखान्यात असणार.

क्षय, एचआयव्ही यांची औषधे शासनाकडून मोफत मिळतात हे सर्वज्ञात आहे. उच्च रक्तदाब व मधुमेहाच्या साध्या औषधांसाठी प्रथम विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल किंवा खानवेलचे उपजिल्हा रुग्णालय सुचवावे. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे. पण ते मुख्यतः भरतीसाठी असून घरी जाताना पंधरा दिवसांपर्यंतचीच औषधे त्यात बसतात. रोजच्या गोळीचा प्रश्न तेथे सुटत नाही. तलासरी, जव्हारकडून येणाऱ्यांनी महाराष्ट्राची शिधापत्रिका जवळ ठेवावी, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या राज्यातील कुटुंबांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालील गंभीर रुग्णास शासकीय रुग्णालयातील उपचारांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधीतून साहाय्य मिळू शकते. मात्र आधी झालेला खर्च त्यातून परत मिळत नाही. म्हणून निदान होताच, दागिने गहाण पडण्यापूर्वी, अर्ज भरून उपचार करणाऱ्या डॉक्टरची सही घ्यावी व मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. हे काम नातेवाइकांना एकट्याने जमत नाही. माझ्या टेबलाच्या खणात मी कोऱ्या अर्जांची एक फाईल ठेवतो, आणि आमच्या सिस्टर ते भरून देतात.