धंदेशिक्षणाचा सरकारी पैसा व त्याचे माप

सरावलीच्या शिवारात उभे राहिले असता एका बाजूस भाताची खाचरे व दुसऱ्या बाजूस तारापूर औद्योगिक वसाहतीच्या भिंती दिसतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीकरिता अक्करपट्टी व पोफरण ह्या गावांस आपली जागा सोडावी लागली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरजवळ कारखान्यांची वसाहत वसविली. अलीकडे, ३० ऑगस्ट २०२४ रोजी, वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा प्रत्येक वेळी जमीनधारकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : आमच्या मुलांस काम मिळेल काय?

काम मिळते, परंतु कोणते, हे मुलाच्या हातावर अवलंबून असते. हाती कसब नसलेला मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली गोण्या उचलतो, आणि कसब असलेला यंत्रापाशी उभा राहतो. जमिनीचा तुकडा एकदा गेला म्हणजे परत येत नाही. त्याचा मोबदला घराच्या छपरात व लग्नकार्यांत संपून जातो. मागे उरते ते मुलाच्या हातचे काम. म्हणून धंदेशिक्षण हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकात परका नाही.

हे शिक्षण देण्यासाठी सरकार पुष्कळ पैसा खर्च करते. तो किती, हे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येते. तो कोणत्या मापाने दिला जातो, हे क्वचितच येते. आमच्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक महत्त्वाची आहे. आणि ती शेतकऱ्यास समजण्यास मुळीच कठीण नाही; कारण काम उक्ते द्यावे की रोजाने, हा प्रश्न तो दर हंगामात सोडवीत असतो. लावणी उक्ती दिली तर ती लौकर आटोपते, परंतु रोपे विरळ व वरवर लागतात. रोजाने दिली तर रोपे नीट लागतात, परंतु बांधावर कोणी नसेल तर दिवस लांबतात. सरकारचा धंदेशिक्षणावरील खर्च गेली पाऊणशे वर्षे ह्याच दोन टोकांमध्ये फिरत आला आहे.

पैसा कोठून येतो

दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्या सैनिकांस धंद्यास लावावे म्हणून १९४५ साली मध्यवर्ती सरकारने एक स्वतंत्र खाते काढले. त्यातूनच १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे ज्यांस आपण आयटीआय म्हणतो त्या, देशभर उभ्या राहू लागल्या. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, आणि १ एप्रिल १९६९ पासून खर्चाची जबाबदारीही राज्यांवर आली. तेव्हापासून व्यवस्था अशी आहे की, अभ्यासक्रम व परीक्षेचे प्रमाण मध्यवर्ती सरकार ठरविते, आणि शिक्षकांचा पगार व इमारतीची निगा राज्य सरकार पाहते.

ही रोजाची पद्धत झाली. संस्था आहे म्हणून तीस अनुदान. हिचा गुण असा की, गरीब मुलासही थोड्या फीमध्ये फिटर, वेल्डर अगर वीजतंत्री होता येते, आणि शिक्षक पुढील वर्षीही तेथेच असतो. दोष असा की, यंत्र जुने झाले तरी अनुदान थांबत नाही. बाहेरील कारखाने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे वळले असता आत मुले वडिलांच्या काळच्या लेथवर हात बसवीत राहतात, आणि त्याबद्दल कोणासही जाब द्यावा लागत नाही.

डोक्यावर मोजलेला पैसा

ह्या दोषावर उपाय म्हणून पैसा विद्यार्थ्यांच्या संख्येवर द्यावा, असा विचार पुढे आला. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्प मुदतीचे वर्ग खाजगी केंद्रांमार्फत चालविले गेले. तिच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्रास द्यावयाच्या रकमेचे तीन भाग केले होते : वर्ग सुरू होताच ३० टक्के, विद्यार्थ्यांस प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० टक्के, आणि काम लागल्यावर २० टक्के.

हा हिशेब शेतकऱ्याने आपल्या भाषेत मांडून पाहावा. आवण पेरताच तीस रुपये, लोंबी बाहेर पडलेली दिसताच पन्नास, आणि भात कणगीत पडल्यावर वीस. असा करार करणारा ठेकेदार सर्वांत अधिक कष्ट कोठे घेईल? पहिल्या दोन टप्प्यांतच शंभरांपैकी ऐंशी रुपये पदरात पडतात. उरलेल्या वीस रुपयांकरिता झोडणी, वारवणी व राखण तो मनापासून करील, असे समजणे भाबडेपणाचे होईल. ठेकेदार दुष्ट असतो असे आमचे म्हणणे नाही. करारच त्यास तसे वागावयास शिकवितो. ह्या योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर काम लागण्याची अट रकमेपासून अलग करण्यात आली.

हा अनुभव आपल्याच देशात आला असे नाही. इंग्लंडमध्ये २००० साली सरकारने प्रौढांसाठी व्यक्तिगत शिक्षणखाती उघडली. पहिल्या दहा लाख खातेदारांस प्रत्येकी १५० पौंडांपर्यंत साहाय्य ठेविले होते. शिकविणाऱ्या संस्थांची पारख अगोदर नीट केलेली नव्हती. काहींनी न शिकविताच पैसे उचलले, आणि २००१ च्या नोव्हेंबरात सारी योजना बंद करावी लागली. प्रामाणिकपणे शिकणाऱ्यांचेही त्यात नुकसान झाले. पुढे २०१७ च्या एप्रिलपासून त्या देशाने निराळी वाट धरली : ज्या मालकाचा वार्षिक पगारखर्च ३० लक्ष पौंडांहून अधिक आहे, त्याने वरील रकमेवर अर्धा टक्का शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणाकरिता भरावा. ज्यास कारागीर हवा आहे त्याचाच पैसा त्यात अडकला म्हणजे तो लक्ष घालील, हा त्यामागील हेतु होय.

मालकाच्या हाती दिलेला पैसा

आपल्याकडेही कारखानदारास संस्थेच्या कारभारात आणण्याचा प्रयत्न झाला आहे. २००७-०८ पासून १,३९६ शासकीय संस्थांच्या सुधारणेची योजना निघाली. तीत प्रत्येक संस्थेसाठी एक व्यवस्थापन समिती नेमावयाची, तिचा अध्यक्ष कारखानदारांपैकी असावयाचा, व समितीस २॥ कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज द्यावयाचे, असे ठरले. पहिली दहा वर्षे परतफेड नाही. पुढे वीस वार्षिक हप्ते. म्हणजे पूर्ण रक्कम घेणाऱ्या समितीस वर्षास १२॥ लाख रुपये फेडावे लागतात. शंभरांपैकी वीस जागांवरील प्रवेश ठरविण्याचा अधिकारही समितीस दिला गेला.

बिनव्याजी कर्ज म्हणजे काय, हे सोसायटीचा सभासद असलेल्या वाचकास सांगावयास नको. कर्ज बैलजोडीस लागले तर फिटते. पेटीत पडून राहिले तर नुसता बोजा होतो. यंत्र आणून मुलांच्या हाती देणे, आणि रक्कम बँकेत ठेवून तिचे व्याज मोजणे, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कागदावर दोन्ही ठिकाणी रक्कम सुरक्षितच दिसते!

आता ह्याहून मोठी योजना आली आहे. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने संस्थांच्या सुधारणेकरिता पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'पीएम-सेतु' ह्या नावाने तो सुरू झाला. त्यात केंद्राचे ३०,००० कोटी, राज्यांचे २०,००० कोटी, व उद्योगांचे १०,००० कोटी धरले आहेत. एक हजार शासकीय संस्था निवडावयाच्या. त्यांतील २०० मुख्य व ८०० त्यांस जोडलेल्या. कारभारात उद्योगांचा हात पुढे राहावयाचा आहे.

ह्यात चांगले पुष्कळ आहे. परंतु आराखड्यातील सहा हिश्श्यांपैकी पाच हिस्से सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या आमच्या करांतून, येणार आहेत. पाच हिस्से देणाऱ्याने बांधावर उभे राहू नये, व एक हिस्सा देणाऱ्याने सारे शेत वाहावे, हे कोणत्याही वाटेकरीच्या व्यवहारात बसत नाही. पूर्वीच्या व्यवस्थापन समितीच्या रचनेत पालक-शेतकऱ्यास राखून ठेवलेली जागा नव्हती. नव्या व्यवस्थेत ती मागणे हे आपले काम आहे.

शिकाऊ उमेदवारी : जवळचा पण दुर्लक्षित हक्क

तारापूरच्या शेजाऱ्यांस एक गोष्ट विशेष उपयोगी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत २०१९ साली बदल झाला. त्यानुसार ३० अगर अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने, ठेकेदाराकडील माणसे धरून, एकूण संख्येच्या किमान २॥ टक्के व कमाल १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. ज्या कारखान्यात २०० माणसे आहेत तेथे निदान ५ व अधिकांत अधिक ३० उमेदवार असावयास हवेत. १९ ऑगस्ट २०१६ पासून सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, आपल्याकडून देत आले आहे.

परंतु येथेही मापाचा प्रश्न येतोच. उमेदवार शिकावयास आला आहे की स्वस्त मजूर म्हणून आला आहे, हे संख्येवरून कळत नाही. त्यास यंत्राजवळ कोण नेतो, व वर्षअखेर तो काय करून दाखवितो, ह्यावरूनच ते कळते.

रासायनिक कारखान्यांच्या बाबतीत ह्या शिक्षणाचा संबंध थेट आपल्या विहिरीशी पोचतो. मध्यवर्ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पाहणीत तारापूर वसाहतीचा प्रदूषणाचा निर्देशांक ९३.६९ आला, देशातील सर्व औद्योगिक क्षेत्रांत तो सर्वांत अधिक होता. सांडपाण्याच्या संयंत्रावर व रासायनिक टाक्यांवर शिकलेला माणूस असणे हे त्याच्या पगारापुरते नाही. खाली वाहत जाणाऱ्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्याचेही त्यात हित आहे. रासायनिक संयंत्र चालविणाऱ्याचा व त्याच्या दुरुस्तीचा असे अभ्यासक्रम आयटीआयच्या यादीत आहेत. आपल्या मुलांनी ते शिकावे व आपल्याच शिवाराची राखण करावी, ह्यासारखा दुहेरी लाभ दुसरा नाही.

कोसबाडचा धडा

ह्या सर्वांहून निराळा एक नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. शेतकऱ्यांस प्रत्यक्ष शिक्षण देणारे देशातील पहिले कृषि विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ साली, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे केंद्र सुरू झाले. त्याचा खर्च भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अनुदानातून चालतो. तेथे शिकविणारास स्वतःची जमीन आहे, व शिकणारा पुढल्या हंगामात परत येऊन विचारू शकतो की, तुम्ही सांगितले तसे केले, मग चिकूचे फळ का गळाले?

आमच्या मते धंदेशिक्षणाचे खरे माप हेच होय. शिकलेला मनुष्य परत येऊन जाब विचारू शकतो काय? ज्या केंद्राचे कुलूप अनुदानाचा शेवटचा हप्ता येताच लागते, त्यास जाब कोण विचारणार? म्हणून संस्थेस कायमचे अनुदान असावे, परंतु त्याची वाढ तिच्या विद्यार्थ्यांच्या पुढील कामावर अवलंबून असावी. आणि ते काम एक वर्ष टिकले की नाही, हे गावाने पाहावे. रोजाची शाश्वती व उक्त्याची चपळाई ह्यांचा मेळ ह्यावाचून बसत नाही.

वाचकांनी काय करावे

मुलगा अगर मुलगी कोणत्याही संस्थेत घालण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत :

१. गेल्या वर्षी ह्या धंद्याच्या वर्गात किती बसले, किती उत्तीर्ण झाले, व आज किती जण त्याच धंद्यात आहेत?

२. शिकविणारा कायम आहे की तासिकेवर, व त्याने स्वतः कारखान्यात किती वर्षे काम केले आहे?

३. एका यंत्रावर एका वेळी किती मुले असतात?

४. सुधारणेकरिता आलेली रक्कम किती, खर्ची पडली किती, व शिल्लक कोठे आहे?

५. कारखान्यात शिकाऊ उमेदवारीची सोय संस्था करून देते काय?

तोंडी उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे शासकीय संस्थेवर बंधनकारक आहे. एकट्याने जाण्यास संकोच वाटल्यास ग्रामसभेत ठराव करावा. खत सोसायटीमार्फत एकत्र आणल्यास स्वस्त पडते. प्रश्नही गावाने एकत्र विचारल्यास त्याचे वजन वाढते.

बी घेताना आपण दाणा दातांखाली धरून पाहतो, व उगवण किती ते विचारतो. पिशवीवरील चित्रावर कोणी जात नाही. मुलाचे दोन वर्षांचे आयुष्य पेरावयाचे असता तेवढीच पारख करणे, हे प्रत्येक शेतकरी पित्याचे कर्तव्य आहे.