संमिश्र बिंदू : संतती आणि ‘दोष’ कुणाचा?

अस्रच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीशी एक वयस्क भगिनी आपल्या सुनेला घेऊन उभ्या होत्या. लग्नाला आठ वर्षे झाली, मूल नाही. “मौलवीसाहेब, हिच्यासाठी काही पढून द्या,” त्या म्हणाल्या. सुनेच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाईल होती. मी विचारले, “खाला, मुलाची तपासणी झाली का?” त्या दचकल्याच. “त्याला काय झालंय? तो चांगला धडधाकट आहे.”

वाचकहो, हा प्रसंग आपल्या ओळखीचा नाही असे म्हणणारे घर क्वचितच सापडेल. म्हणून संकोच बाजूला ठेवून आज मानवी प्रजननाची रचना समजून घेऊ. संकोचाविषयी म्हणाल, तर हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली ती याच कारणासाठी, की धर्माचे ज्ञान मिळवताना लज्जा त्यांच्या आड आली नाही. मदरशात आम्ही गुस्ल, हैज आणि निफासचे मसाईल कित्येक वर्षे पढलो. परंतु ज्या अवयवांविषयी ते मसाईल आहेत त्यांची रचना मला ठाऊक झाली ती पुढे, कॉलेजमधील एका मित्राच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातून. ही कबुली देताना मला संकोच वाटतो, पण ती दिलेली बरी.

पुरुषाच्या देहात दोन वृषणे असतात. ती उदरपोकळीबाहेर, वृषणकोशात ठेवलेली आहेत, कारण शुक्राणू घडण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा 2 ते 3 अंश कमी उष्णता लागते. वर्षानुवर्षे भट्टीसमोर काम करणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर त्यांच्या व्यवसायाची चौकशी करतात ती यामुळेच. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे 70 दिवस लागतात. त्यानंतर तो वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीत, अधिवृषणात, परिपक्व होतो आणि शुक्रवाहिनीतून पुढे जातो. वाटेत शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांचे स्राव त्यात मिसळतात. वीर्याचा बहुतांश भाग या स्रावांचाच असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे एक गोष्ट आपोआप उलगडते : दांपत्यजीवन सुरळीत असूनही वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा मुळीच नसू शकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पुरुषाला स्वतःलाही जाणवत नाही. ‘धडधाकट’ असण्याचा आणि जनकत्वाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस एकेक अंडाशय असते. तिची बीजे तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. जन्मतः त्यांची संख्या 10 ते 20 लाख असते, वयात येईपर्यंत ती काही लाखांवर येते आणि उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती सुमारे 400. म्हणजे आजी जेव्हा आईला उदरात वाढवत होती, तेव्हाच आपल्या अस्तित्वाचा अर्धा भाग त्या इवल्या उदरात ठेवला गेला होता. या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबलो होतो, आपणही थांबावे.

पुढची पाळी येण्याच्या सुमारे 14 दिवस आधी एक स्त्रीबीज अंडाशयातून सुटते. अंडनलिकेच्या टोकाची झालर ते आत ओढून घेते. ही नलिका सुमारे 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या रुंद भागात फलन घडते, गर्भाशयात नव्हे. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या देहात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणूनच बीज सुटण्याचा दिवस व त्याआधीचे चार-पाच दिवस हाच गर्भधारणेचा खरा काळ होय. केवळ ही गणना माहीत नसल्याने कित्येक जोडपी वर्षे दवडतात.

एका वेळी कोट्यवधी शुक्राणू निघतात, परंतु अंडनलिकेपर्यंत पोहोचतात ते काही शेच. त्यांपैकी एक स्त्रीबीजाच्या जाड आवरणातून आत शिरतो आणि लगेच आवरणाची घडण अशी बदलते की दुसऱ्याला वाट उरत नाही. सर्व पाण्यातून मूल होत नसते, असे प्रेषित (स.) यांनी सांगितल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. त्या कथनाची आठवण येथे सहज होते. आता पित्याकडील 23 व मातेकडील 23 गुणसूत्रे एकत्र येऊन 46 होतात. ही एकच पेशी विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकते आणि साधारण सहा-सात दिवसांनी त्याच्या अस्तराला चिकटू लागते.

पवित्र कुरआनच्या सूरह दहरमध्ये (76:2) मनुष्य ज्या बिंदूपासून निर्माण केला गेला त्यास ‘अम्शाज’, म्हणजे मिसळलेला, म्हटले आहे. कुरआनला जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक ठरवण्याचा उत्साह मला पटत नाही. ते हिदायतीचे पुस्तक आहे. तरीही या शब्दाचा भार जाणण्यासाठी त्या काळची विद्या काय म्हणत होती ते पाहावे. ॲरिस्टॉटलच्या मते आकार देणारे तत्त्व पित्याचे, माता केवळ द्रव्य पुरवणारी. आपल्याकडेही पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत, हीच धारणा खोलवर रुजली. कुरआनमधील शेताची उपमा (2:223) ऐकून आपल्यातील काहीजण तोच अर्थ काढतात. सूक्ष्मदर्शकाने तरी डोळे उघडावेत ना! 1677 मध्ये लेव्हेनहूकने शुक्राणू पाहिले, आणि पुढे काही विद्वानांनी शुक्राणूतच संपूर्ण चिमुकला मनुष्य बसला असल्याची कल्पना केली. सस्तन प्राण्यांचे स्त्रीबीज दिसण्यास 1827 उजाडावे लागले. ते फॉन बेअर यांना आढळले.

याउलट हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी जेव्हा स्त्रीच्या स्वप्नावस्थेतील स्रावाविषयी निःसंकोच प्रश्न केला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी उत्तरात असा आशय मांडला की स्त्रीचेही ‘पाणी’ नसते तर मूल तिच्यासारखे दिसले कसे असते? हाफिज इब्ने हजर यांनी शरीरशास्त्रज्ञांचे मत नोंदवून अशा हदीसींच्या आधारे ते नाकारले आहे. मातेचा वाटा अर्धा आहे, हे आपल्या परंपरेत असे स्पष्ट असताना दोषाचा वाटा मात्र आपण तिला पूर्ण का देतो?

मुलींच्या जन्माचेही तेच. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्रच असते. शुक्राणूत एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. तीन मुली झाल्या म्हणून सुनेला टोमणे देणाऱ्यांनी हे आपल्या मुलालाही सुनावू नये, कारण कोणता शुक्राणू पोहोचेल हे त्याच्याही हाती नाही. सूरह शूरामध्ये (42:49-50) अल्लाहच्या देणगीचा क्रम आहे, आणि त्यात मुलींचा उल्लेख आधी आला आहे. त्याच ठिकाणी निपुत्रिक ठेवल्या जाणाऱ्यासाठी ‘अकीम’ हा शब्द आहे. अरबीत तो स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखाच चालतो. मी मराठीचाही विद्यार्थी असल्याने येथे अडखळतो. ‘वांझ’ हा घाव घालणारा शब्द आपल्या भाषेने स्त्रीसाठी घडवला. पुरुषाला तितक्याच धारेचा शब्द बोलीत सापडत नाही.

हजरत जकरिया (अलै.) यांची दुआ सूरह मरयममध्ये वाचावी. पत्नीच्या वंध्यत्वाचा उल्लेख करताना ते आपली झिजलेली हाडे आणि आपले वार्धक्य आधी सांगतात.

अपत्य न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा पत्नीकडील कारणासोबत, आढळते. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, तारुण्यातील गालगुंड, तंबाखू अशी कारणे असू शकतात. स्त्रीकडे बंद अंडनलिका, आणि आपल्या देशात त्यामागे अनेकदा क्षयरोग. तपासणीची सुरुवात वीर्यचाचणीने व्हावी, कारण ती सर्वांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. नमुना पत्नीच्या साहाय्याने घेता येतो. शंका असल्यास आपल्या मुफ्तींना विचारावे. उपचारासाठी नलिकेबाहेर फलन करावे लागले, तर बीज व शुक्राणू त्याच पती-पत्नीचे असावेत आणि त्यांचा निकाह कायम असावा, या अटीवर इस्लामी फिक्ह अकादमीने 1986 मध्ये परवानगी दिली आहे. तिसऱ्या व्यक्तीचा सहभाग नाजायज आहे.

त्या खालांना मी पाणी दम करून दिले, दुआ केली आणि मुलाला पाठवा म्हणालो. पुढच्या जुम्याला तो आला. सगळे ऐकून घेतले आणि खाली पाहत विचारले, “रिपोर्ट अम्मीला दाखवावा लागतो का?”

“नाही,” मी म्हणालो, “पण बायकोला दाखवावा.”