बंब कुठे असावा, हे गावाला विचारतात का?

मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत वाचायचा पाठ आगीवर आहे. पण आग कशी विझवायची हे यात नाही. आग विझवणारी यंत्रणा कुठे असावी, किती असावी, हे ठरवताना आपल्याला कुणी विचारतं का, आणि विचारलं तर ते खरं विचारणं असतं का, एवढंच बघायचं आहे.

कडब्याची गंजी पेटली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बंब तालुक्याच्या नगरपरिषदेचा, नाहीतर जवळच्या साखर कारखान्याचा किंवा एमआयडीसीचा. तो निघून, रस्ता शोधून पोहोचेपर्यंत गोठ्याला झळ लागलेली असते. बंब तिथेच का आणि इथे का नाही, हे ठरलं तेव्हा आपण कुठे होतो?

इंग्लंडमध्ये यासाठी एक पद्धत आहे. तिथल्या प्रत्येक अग्निशमन दलाला आपल्या भागातल्या धोक्यांचा आराखडा करावा लागतो. आगी कुठे लागतात, अपघात कोणत्या रस्त्यावर होतात, पूर कुठे येतो, एकटी म्हातारी माणसं कुठे राहतात, हे सगळं त्यात येतं. हा आराखडा किमान तीन वर्षांचा असतो. २००४ च्या कायद्याखाली सरकार दलांना एक राष्ट्रीय चौकट घालून देतं. २०१८ च्या चौकटीत स्पष्ट म्हटलं आहे की आराखडा करताना आणि त्याचा फेरआढावा घेताना लोकांशी, दलातल्या कर्मचाऱ्यांशी आणि सोबत काम करणाऱ्या संस्थांशी सल्लामसलत झाली पाहिजे. आराखडा कुणालाही सहज बघायला मिळाला पाहिजे, हेही त्यातच आहे.

लोकांना विचारतात तरी काय? एखाद्या केंद्रावर रात्री पूर्णवेळ माणसं ठेवायची की नाही, दुसरा बंब ठेवायचा की हलवायचा, इमारतीतली घंटा आपोआप वाजली तर प्रत्येक वेळी गाडी पाठवायची का, घरोघरी जाऊन धुराची घंटा बसवून देण्याचं काम कुणाच्या घरापासून सुरू करायचं, असे प्रश्न असतात. तिथल्या खेड्यांत बऱ्याच केंद्रांवर पगारी पूर्णवेळ जवान नसतात. केंद्राजवळ, साधारण पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारी किंवा काम करणारी माणसं आपापला धंदा करतात आणि पेजर वाजला की धावतात. आता दिवसा सगळेच शहरात कामाला गेले तर बंब असूनही चालवायला माणूस नाही! दिवसा गावात कोण असतं, हे नुसत्या आकड्यांपेक्षा गावातल्या बाईला जास्त माहीत असतं. विचारण्याचा उपयोग इथे होतो.

पण विचारलं म्हणजे ऐकलं असं नाही. लंडनचंच बघा. २०१३ मध्ये खर्च कमी करायचा म्हणून १२ केंद्रं बंद करायची आणि १८ बंब काढायचे, असा प्रस्ताव लोकांपुढे आला. सभांमधून जोरदार विरोध झाला. त्यानंतर यादी थोडी कमी झाली. क्लॅपहॅम आणि न्यू क्रॉस ही दोन केंद्रं वाचली, १८ ऐवजी १४ बंब काढायचं ठरलं. उरलेल्याला दलावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचाच विरोध होता, तरी तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी आपला अधिकार वापरून आदेश दिला. काही स्थानिक परिषदा कोर्टात गेल्या आणि हरल्या. ९ जानेवारी २०१४ ला १० केंद्रं बंद झाली.

मग बोलून काय मिळालं, असं कुणी म्हणेल. न्यू क्रॉसच्या बाईला विचारा. आणि हेही खरं की सल्लामसलत म्हणजे मतदान नव्हे. जास्त लोक नाही म्हणाले म्हणून निर्णय आपोआप बदलत नाही. मला ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी वाटते, म्हणजे नंतर खचायला होत नाही.

तरी कायद्याने काही कसोट्या लावल्या आहेत. १९८५ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात शाळा बंद करण्यावरून खटला झाला, त्यात त्या पुढे आल्या. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. निर्णय पक्का होण्याआधी विचारलं पाहिजे. नीट विचार करता येईल इतकी माहिती आणि कारणं दिली पाहिजेत. उत्तर द्यायला पुरेसा वेळ दिला पाहिजे. आणि आलेली उत्तरं मनापासून विचारात घेऊनच निर्णय केला पाहिजे.

आता या कसोट्या आपल्याकडे लावून बघा. "ताई, ठराव झालाय, रजिस्टरवर सही करा" म्हणत शिपाई दारात येतो, तेव्हा पहिली कसोटी तिथेच मोडली. आदल्या दिवशी संध्याकाळी दवंडी दिली, तर तिसरी गेली. पत्रिकेत नुसतं "आपत्ती व्यवस्थापनाबाबत चर्चा" लिहिलं, नकाशा नाही की खर्च नाही, तर दुसरी.

इंग्लंडचा कायदा इथे चालत नाही, पण आपल्याकडेही जागा आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्ह्याचा आराखडा स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून करायचा असतो आणि दरवर्षी सुधारायचा असतो. ग्रामसभा वर्षात किमान ४ व्हायला हव्यात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा. ती महिला सभा अनेक गावांत कागदावरच उरकते. कागदावर झाली तरी तिथे काय बोललं गेलं हे इतिवृत्तात लागतंच, मग ते आपणच बोलून का लिहून घेऊ नये?

महिला सभेत नुसतं "बंब पाहिजे" म्हणू नका. "बघू" असं उत्तर मिळतं. गेल्या पाच वर्षांत गावात कुठे कुठे आग लागली, कुणाचं काय जळालं, फोन किती वाजता केला, बंब किती वाजता आला, हे गटागटांतून विचारून एका कागदावर मांडा. कोणत्या गल्लीत बंब वळत नाही, उन्हाळ्यात पाणी कोणत्या विहिरीवर भरता येईल, रात्री एकटी झोपणारी, ऐकू न येणारी, अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरात आहेत, हेही लिहा. ही माहिती तहसील कार्यालयात सापडणार नाही, ती तुमच्याकडेच आहे. जी ताई सभेत बोलत नाही तिच्या घरी जाऊन विचारा. वस्तीवरची, पाड्यावरची घरं सुटतात, ती आधी घ्या.

कागदाच्या दोन प्रती करा. एक ग्रामसेवकांना देऊन दुसरीवर पोच घ्या, तारखेसकट. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आमच्या कागदातलं काय घेतलं, काय नाही घेतलं, आणि का नाही? उत्तर तोंडी आलं तर ते इतिवृत्तात लिहायला लावा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा.

तोवर १०१ आणि ११२ हे क्रमांक, तसंच आपल्या जवळच्या बंबाचा थेट क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तो थेट क्रमांक खरंच लागतो का, हे ग्रामसंघाने पुढच्या बैठकीआधी एकदा फोन करून बघावं.