बॅटरी कुठे ठेवायची? नावेच्या तोलाचा एक पाठ



इयत्ता आठवीच्या 'बल व दाब' या पाठात आपण प्लावक बल आणि आर्किमिडीजचे तत्त्व शिकवतो. खिळा बुडतो, जहाज तरंगते, हे मुलं पटकन सांगतात. पण मी वर्गात विचारलं, "नाव तरंगते ना, मग उलटते कशी?" सगळे गप्प.

हा प्रश्न आपल्या यवतमाळ जिल्ह्याला दूरचा नाही. वर्धा आणि पैनगंगा आपल्या सीमेवरून वाहतात. धरणांच्या पाण्यात मासेमारीचे डोंगे फिरतात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. म्हणून हा भाग नीट शिकवायलाच हवा.

बंडीपासून सुरुवात करा

कापसाची बंडी मुलांनी पाहिलेली असते. मागे जास्त भरलं की बंडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की बैलांच्या मानेवर भार येतो. कापूस तेवढाच, फक्त जागा बदलली. नावेचंही तसंच आहे.

आता एक छोटी नाव घ्या. तिला मागच्या टोकाला विजेवर चालणारी मोटर आहे. चालवणारा मागे बसतो आणि वायर आखूड पडावी म्हणून बॅटरीही मागेच ठेवतो. परिणाम काय? मागची बाजू पाण्यात दबते, नाक वर उचललं जातं, समोरचं नीट दिसत नाही. लाट आली तर मागून पाणी आत शिरण्याचा धोका वाढतो.

फळ्यावर गणित

नावेच्या मध्यापासून अंतर मोजू. परिणाम = वस्तुमान × अंतर.

- चालवणारा: ६० किलो × १.५ मीटर = ९०
- मोटर: १५ किलो × २ मीटर = ३०
- बॅटरी: २५ किलो × १.५ मीटर = ३७.५

मागच्या बाजूची बेरीज १५७.५. आता तीच बॅटरी मध्याच्या पुढे १.५ मीटरवर ठेवा. मागे उरले १२०, पुढे आले ३७.५. फरक ८२.५, म्हणजे जवळजवळ निम्मा! मग मुलांना विचारा, "पुढे १.५ मीटरवर किती किलोचा सोबती बसला तर हिशेब बरोबर जुळेल?" उत्तर ५५ किलो. मुलं हे स्वतः काढतात तेव्हा त्यांना भारी मजा येते.

पुढे-मागे झालं, आता वर-खाली

जड वस्तू जितकी खाली, तितका गुरुत्वमध्य खाली. नाव जरा कलली की कललेल्या बाजूला जास्त पाणी बाजूला सारलं जातं आणि प्लावक बल त्या बाजूला सरकतं. वजन खाली असेल तर हे बल नावेला परत सरळ करतं. वजन उंचावर असेल तर तेच वजन नावेला आणखी कलवतं.

मोठं उदाहरण मुंबईचं आहे. माझगाव डॉकने बांधलेली 'आयएनएस कलवरी' ही पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यात प्रत्येकी ७५० किलोचे ३६० बॅटरी सेल आहेत. गुणाकार मुलांकडून करून घ्या: २,७०,००० किलो, म्हणजे २७० टन! एवढं वजन कुठेही ठेवून चालेल का?

कृती

घमेल्यात पाणी घ्या. श्रीखंडाचा रिकामा लांबट डबा ही आपली नाव, आणि दोन पेन्सिल सेल या बॅटऱ्या.

१. दोन्ही सेल एका टोकाला ठेवा. दोन्ही टोकं किती बुडाली ते पट्टीने मोजा.
२. एक सेल दुसऱ्या टोकाला न्या. पुन्हा मोजा.
३. दोन्ही सेल मध्यभागी तळाला चिकटवा, डबा बोटाने हलकेच कलवून सोडा.
४. आता काडेपेट्यांचा उंच थर करून वर सेल चिकटवा. तितकंच कलवा. काय झालं?

निरीक्षणं मुलांनाच लिहू द्या. उत्तर आधी सांगू नका.

खऱ्या नावेवर काय काळजी घ्यावी?

बॅटरी तळाशी, मधल्या रेषेवर आणि पट्ट्याने घट्ट बांधलेली हवी. सैल बॅटरी कललेल्या बाजूला घसरते आणि नाव आणखी कलते. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, म्हणून हवा खेळती ठेवावी. बॅटरी पुढे नेली की वायर लांबते, तेव्हा ती जाड घ्यावी आणि बॅटरीजवळ फ्यूज लावावा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पालकांनो, एवढं मात्र घरी नक्की सांगा. डोंग्यात आपणही एक वजनच असतो. आपण उभे राहिलो की ते वजन उंच जातं, सगळे एका बाजूला वाकलो की ते सरकतं. म्हणून खाली बसायचं, मध्यभागी बसायचं, जीवरक्षक जाकीट घालायचं, आणि डोंगा भरला असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहायची.