दुधाच्या दातांकडे दुर्लक्ष नको

दातदुखीसाठी मुलाला आणणारे अनेक पालक केसपेपर काढतानाच सांगतात, ‘‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, तूर्त दुखणे थांबले म्हणजे झाले.’’ या समजुतीमुळे उपचारास विलंब होतो.

दुधाचे दात २० असतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत आवश्यक असतात. त्या अकाली काढाव्या लागल्यास शेजारचे दात सरकतात व नव्या दातांना जागा अपुरी पडते.

खरी फसगत सहाव्या वर्षाच्या सुमारास होते. दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. तीही दुधाचीच समजली जाते. ती किडून गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही.

पालकांनी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात मुलाचे दात पाहावेत व पुढील लक्षणे ध्यानात घ्यावीत :

१. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग. ही किडीची सुरुवात असून या अवस्थेत ती थोपविता येते.
२. तपकिरी वा काळा डाग, खड्डा, दाढेत अन्न अडकणे.
३. एकाच बाजूने चावणे, थंड वा गोड खाताना कळ येणे, रात्री दुखून जाग येणे.
४. हिरडीवर पुवाची पुळी. दुखणे थांबले तरी आजार बरा झाला असे समजू नये.
५. गालावर सूज व ताप. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या भागात गूळ-काकवी घरोघरी असते. मात्र दात किडविणाऱ्या जंतूंना गूळ आणि साखर सारखीच. गोड खाल्ल्यावर चूळ भरावी, रात्री दात घासून झोपावे आणि घरातील मशेरी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडी व शासकीय शाळांतील या तपासणीत दंतविकारांचाही समावेश आहे. त्यात मिळालेली चिठ्ठी दप्तरातच पडून राहू नये, ही विनंती.

लहान खड्डा भरण्याचा खर्च मुळापर्यंत गेलेल्या किडीच्या उपचारापेक्षा पुष्कळ कमी असतो. पालकांनी वेळीच पाहिल्यास मुलाच्या वेदना टळतील आणि देणगीदारांचा प्रत्येक रुपया अधिक मुलांच्या उपयोगी पडेल.