मनगटाचा एमआरआय : काय दिसते, काय निसटते

पडताना टेकवलेल्या हातावर भार येऊन दुखावलेल्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाड मोडलेले दिसले नाही, म्हणजे मनगट सुखरूप आहे, असा समज सर्रास आढळतो आणि तो पुष्कळदा महागात पडतो. मनगटात 8 लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध, ज्यांना रुग्णालयात लिगामेंट म्हणतात, आणि हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण म्हणजे कूर्चा. या दोन्ही गोष्टी क्ष-किरण चित्रात उमटतच नाहीत. अस्थिबंध पूर्ण तुटून हाडे एकमेकांपासून सरकली, तर वाढलेल्या फटीवरून त्याचा अंदाज बांधता येतो, मूठ घट्ट आवळून काढलेल्या चित्रात ही फट अधिक स्पष्ट होते. परंतु अर्धवट फाटलेला अस्थिबंध या मार्गाने सापडत नाही.

एमआरआय, म्हणजेच चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, नेमके हेच मऊ भाग दाखवते. शरीरातील पाणी आणि चरबी यांत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींनी डिवचले असता ती जे संकेत परत देतात, त्यांवरून संगणक प्रतिमा रचतो. ज्या यंत्राला 1.5 टेस्लाचे म्हणतात त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 30,000 पट असते, मात्र क्ष-किरणांसारखा किरणोत्सर्ग या तपासणीत मुळीच नसतो. निरोगी अस्थिबंध प्रतिमेत काळा दिसतो, द्रव पांढरा दिसतो. त्यामुळे काळ्या पट्ट्यात शिरलेली पांढरी रेघ ही फाटल्याची मुख्य खूण ठरते.

खरी अडचण आकाराची आहे. अंगठ्याच्या बाजूचे स्कॅफॉइड आणि मधले ल्युनेट या दोन हाडांना जोडणारा अस्थिबंध मनगटाच्या स्थैर्याचा कणा मानला जातो, पण त्याचा सर्वांत मजबूत, म्हणजे हाताच्या पाठीकडचा, भागसुद्धा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असतो. गुडघ्यासाठी पुरेशी असलेली प्रतिमा येथे अपुरी पडते. म्हणून मनगटाभोवती बसणारी खास कॉइल, म्हणजे संकेत टिपणारे उपकरण, शक्य असल्यास 3 टेस्लाचे यंत्र आणि अत्यंत पातळ छेद आवश्यक ठरतात. शिवाय हात यंत्राच्या मध्यभागी आणण्यासाठी रुग्णाला अनेकदा पालथे झोपवून हात डोक्यापुढे ताणून ठेवावा लागतो. या स्थितीत बराच वेळ निश्चल राहणे खांदा दुखणाऱ्या माणसाला कठीण जाते आणि हात किंचित हलला तरी प्रतिमा पुसट होते. एमआरआय स्वस्त कुठे होतो याची चौकशी सगळेच करतात. तेथे मनगटाची कॉइल आहे काय, ही चौकशी अधिक उपयोगाची आहे.

करंगळीच्या बाजूच्या दुखण्याचा विचार वेगळा करावा लागतो. ओले कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना किंवा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना त्या बाजूला कळ येत असेल, तर टीएफसीसी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणी तंतुमय कूर्चेच्या आणि तिच्याभोवतीच्या अस्थिबंधांच्या समूहाकडे संशय जातो. पामर यांनी 1989 मध्ये सुचवलेल्या वर्गीकरणात या भागाच्या इजा अपघाताने झालेल्या आणि झिजेने झालेल्या अशा दोन गटांत मांडल्या आहेत, आणि अहवाल वाचताना हा भेद डोळ्यांआड करून चालत नाही. वय वाढते तसे या कूर्चेच्या मधल्या पातळ भागाला छिद्र पडणे इतके सामान्य आहे, की मनगट कधीही न दुखलेल्या माणसांतही ते आढळते. त्यामुळे साठीतल्या व्यक्तीच्या अहवालात ‘टेअर’ हा शब्द दिसला म्हणून लगेच शस्त्रक्रियेची तयारी करणे अविचाराचे होय. मधल्या भागाला रक्तपुरवठा नसल्यामुळे तेथील फाट आपोआप सांधत नाही, तर कडेच्या भागाला तो असल्याने तेथील फाट सांधण्याची शक्यता असते, म्हणून फाट आहे की नाही यापेक्षा ती कोठे आहे, याला उपचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे.

हाडांवरच्या कूर्चेच्या बाबतीत एमआरआयची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मनगटातील हे आवरण साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असल्यामुळे त्यावरची लहान खाच प्रतिमेतून सहज निसटते. संशय कायम राहिल्यास सांध्यात गॅडोलिनियमयुक्त विरल द्रव सुईने सोडून एमआरआय काढतात. या पद्धतीला आर्थ्रोग्राफी म्हणतात, आणि द्रव फटीतून पलीकडे झिरपला की फाट उघडी पडते. अंतिम निर्णय मात्र आजही दुर्बिणीने सांधा प्रत्यक्ष पाहूनच होतो. अहवाल ‘नॉर्मल’ असूनही पकड कमजोर राहिली किंवा हात फिरवताना खट्ट आवाजासह वेदना होत असल्या, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे, शक्यतो हाताच्या शस्त्रक्रियेतील जाणकाराकडे, पुन्हा जावे.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. डॉक्टरांनी बोटाने दाबून दुखरी जागा निश्चित करणे आणि क्ष-किरण चित्र काढणे आधी, एमआरआय नंतर. कारण चिठ्ठीवर केवळ ‘मनगट’ असे लिहिलेले असते, तेव्हा रेडिओलॉजिस्टला नेमके काय शोधायचे हे कळत नाही. दुसरीकडे, अस्थिबंध पूर्ण तुटल्याचा संशय असेल तर पट्टा बांधून आणि चोळून महिने घालवू नयेत, कारण ताजा तुटलेला अस्थिबंध पहिल्या काही आठवड्यांत जितका चांगला शिवता येतो तितका नंतर येत नाही, आणि दुर्लक्षित राहिल्यास हाडे हळूहळू सरकून वर्षांनंतर सांध्याची झीज होते. तपासणीला जाताना जुनी क्ष-किरण चित्रे सोबत न्यावीत. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती नोंदणीच्या वेळीच द्यावी, आणि पालथे झोपणे जमणार नसेल तर तेही तेव्हाच सांगावे, म्हणजे हात शरीराच्या बाजूला ठेवून तपासणी करण्याची सोय आधीच ठरवता येते.