श्रीवराह अवतार : कथा व भावार्थ

भाविकहो, पूजेच्या आरंभी गुरुजी संकल्प सांगतात, त्यात ‘श्वेतवाराहकल्प’ हा शब्द येतो. ज्या कल्पात आपण जगतो, त्यास शास्त्रकारांनी भगवान वराहाचेच नाव दिले आहे.

ही कथा श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधात सविस्तर आली आहे. प्रजेने राहावे कोठे, असे मनूने ब्रह्मदेवास विचारले. कारण पृथ्वी जळात बुडाली होती. ब्रह्मदेव चिंतनात असता त्यांच्या नासिकेतून अंगठ्याएवढे वराहरूप प्रकटले आणि पाहता पाहता पर्वतप्राय झाले. वासाने माग काढीत भगवंत रसातळास गेले व पृथ्वीला त्यांनी सुळ्यावर उचलून घेतले. तेव्हा हिरण्याक्ष आडवा आला. त्याची दुरुत्तरे भगवंतांनी सोसली. कारण सुळ्यावरील भूमाता भयभीत झाली होती. तिला प्रथम जळावर स्थिर केले, तिच्या ठायी आपली आधारशक्ती स्थापिली आणि मगच युद्ध करून दैत्याचा वध केला.

या क्रमातच कथेचे मर्म आहे. आधी रक्षण, मग दंड. स्वतःच्या अपमानापेक्षा आश्रिताचे भय दूर करणे भगवंतांस मोलाचे वाटले. दुसरे असे की, उद्धारासाठी त्यांनी कोणताही देह हीन मानला नाही. तिसरा बोध दैत्याच्या नावात आहे. हिरण्य म्हणजे सोने, अक्ष म्हणजे डोळा. भूमीकडे केवळ धन म्हणून पाहणारी दृष्टी तिला रसातळास नेते. आपल्या मराठवाड्यात विहिरी आटतात, तेव्हा हा बोध अधिक जाणवतो. पावसाचे पाणी अडविणे, एखादे झाड जगविणे, तहानलेल्यांसाठी दान देणे ही भूमातेची सेवाच होय.

पुंडलिकनगर परिसरात उतरलेल्या भाविकांनी श्रीघृष्णेश्वराच्या दर्शनास जाताना वेरूळची लेणीही अवश्य पाहावीत. शहरापासून हे स्थान सुमारे ३० कि.मी. आहे. तेथील १४ व्या लेण्यात, तसेच ‘दशावतार’ या १५ व्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर वराहमूर्ती कोरलेली आहे. मूर्तीसमोर क्षणभर थांबून भगवंतांनी सावरलेली भूदेवी पाहावी.

भाद्रपद शुद्ध तृतीयेस वराह जयंती असते. त्या दिवशी, आणि रोज सकाळी जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वीही, भूमातेस वंदन करावे. तिचा भार वाहणारे भगवंत आपणा सर्वांस सद्बुद्धी देवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.